गोंगाटामागची हाक

आमच्या वसईला आवाजाचे वावडे कधीच नव्हते. लग्नघरी ब्रास बँड आला आणि त्याचा ट्रंपेट घुमू लागला, की ओट्यावर बसलेल्या आजीबाईंची बोटेही ताल धरू लागतात. फेस्ताचे फटाके, नाताळच्या रात्रीची गाणी, पहाटेची देवळाची घंटा, पावसाळ्यातील समुद्राची गाज, असे नाना आवाज ऐकत आपण लहानाचे मोठे झालो. तरीही एका आवाजाविषयी घराघरांतून चिंता व्यक्त होताना मी ऐकतो. मुलगा कॉलेजात जाऊ लागतो आणि काळे शर्ट घालू लागतो. त्या शर्टांवर कवट्या असतात, काट्याकुट्यांसारखी न वाचता येणारी अक्षरे असतात. कानांत सदैव यंत्र, आणि त्यातून बाहेर झिरपते ती नुसती घरघर आणि आरोळी. मग आईवडील धर्मगुरूकडे येतात. त्यांचा प्रश्न साधा असतो : हे संगीत आहे की सैतानाचा धिंगाणा?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यामागे लेकराविषयीची काळजी असते. पण धर्मगुरूने एका शब्दात निकाल दिला, तर पालकांचे क्षणभर समाधान होईल आणि मुलगा आपल्या खोलीचे दार आणखी घट्ट लावून घेईल. म्हणून या संगीताची जन्मकथा मी थोडी खोलात जाऊन वाचली आणि ते संगीतही ऐकले. हार्ड रॉक, हेवी मेटल आणि पंक ही त्याची तीन प्रमुख घराणी. त्यांच्या इतिहासात मला जे सापडले ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटते, कारण तो इतिहास आपण समजतो तितका परका नाही.

या तिन्ही घराण्यांचे मूळ अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लूज या गीतप्रकारात आहे. गुलामगिरी संपली तरी न संपलेल्या दारिद्र्याच्या आणि अपमानाच्या दुःखातून ती गाणी जन्मली. दुसऱ्या महायुद्धानंतर शिकागोसारख्या कारखान्यांच्या शहरांत ब्लूज विजेच्या गिटारवर वाजू लागले आणि १९६० नंतर इंग्लंडमधील कामगारवस्त्यांतील पोरांनी ते उचलले. १९६४ मध्ये लंडनच्या किंक्स या बँडमधील डेव्ह डेव्हिस या सतरा वर्षांच्या मुलाने आपल्या स्पीकरचा पडदा दाढीच्या पात्याने फाडला. त्या फाटक्या पडद्यातून आलेला खरखरीत, चिडका आवाज जगभर गाजला. पुढे लेड झेपलिन, डीप पर्पल यांसारख्या बँडांनी त्या आवाजाला भव्य रूप दिले. त्यालाच हार्ड रॉक म्हणतात.

हेवी मेटलचा जन्म मात्र एका अपघाताशी जोडलेला आहे. बर्मिंगहॅम हे इंग्लंडमधील यंत्रांचे आणि धातुकामाचे शहर. तेथील ॲस्टन भागात टोनी आयोमी नावाचा मुलगा वाढला. घराणे मूळचे इटालियन. १९६५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, तो पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. बँडबरोबर दौऱ्यावर जायचे म्हणून त्याने नोकरी सोडली होती आणि तो त्याचा शेवटचा दिवस होता. त्या दिवशी त्याला दुसऱ्याच्या जागी प्रेसवर उभे केले गेले. यंत्र खाली आले आणि त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांचे शेंडे गेले. टोनी डावखुरा असल्यामुळे गिटारच्या तारा दाबण्याचा त्याचा हात हाच होता. आता गिटार विसर, असेच त्याला सांगण्यात आले.

अशा वेळी कारखान्यातील त्याच्या वरिष्ठाने त्याला एक रेकॉर्ड ऐकवली. जँगो राइनहार्ट या रोमा समाजातील गिटारवादकाची ती रेकॉर्ड होती. आगीत भाजल्यामुळे त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे जवळजवळ निकामी झाली होती, तरी उरलेल्या बोटांवर तो युरोपातील श्रेष्ठ वादक ठरला होता. टोनीला धीर आला. त्याने भांडी घासण्याच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून तुटक्या बोटांसाठी टोपणे बनविली आणि त्यांवर चामडे चिकटविले. गिटारला त्याने बारीक तारा लावल्या आणि पुढे तारांचा ताण कमी करून त्या खालच्या सुरात जुळविल्या. तारा सैल झाल्या तसा आवाज जड, खोल आणि काळोखा झाला. ज्याला आज जग हेवी मेटल म्हणते, त्या आवाजाच्या घडणीत त्या जखमी बोटांचा मोठा वाटा आहे.

टोनी आणि त्याच्या तीन मित्रांच्या बँडचे नाव ब्लॅक सॅबथ. हे नाव त्यांनी एका भयपटावरून घेतले होते. १३ फेब्रुवारी १९७० रोजी, शुक्रवारी, त्यांचा पहिला अल्बम प्रकाशित झाला. त्याची सुरुवात पावसाने, ढगांच्या गडगडाटाने आणि देवळाच्या घंटेच्या टोल्यांनी होते. बँडची बरीचशी गीते लिहिणारा गीझर बटलर हा आयरिश कॅथलिक कुटुंबातील मुलगा. धर्मोपदेशात ऐकलेला सैतान त्याच्या मनात घर करून होता. एका रात्री आपल्या पलंगाच्या पायथ्याशी एक काळी आकृती उभी असल्याचे त्याला दिसले आणि त्या अनुभवातून अल्बमचे पहिलेच गाणे आले. गाण्यातील माणूस त्या काळ्या आकृतीची आराधना करीत नाही. तो भेदरतो आणि देवाचा धावा करतो. अल्बमच्या आतील बाजूस उलटा क्रूस छापला गेला खरा, पण तो रेकॉर्ड कंपनीने बँडला न विचारता छापला होता. गायक ऑझी ऑझबर्न याचे वडील कारखान्यात हत्यारे बनविणारे कारागीर होते. त्यांनी या चौघांना गळ्यात घालण्यासाठी धातूचे क्रूस घडवून दिले. १९७१ च्या एका गाण्यात तर बटलरने देवाची टिंगल करणाऱ्यांनाच जाब विचारला आहे. हाच ऑझी ५ जुलै २०२५ रोजी ॲस्टनमधील मैदानावर सिंहासनासारख्या खुर्चीत बसून शेवटचे गायला आणि २२ जुलैला वारला.

हे वाचत असताना माझ्या डोळ्यांपुढे बर्मिंगहॅमपेक्षा वसई पूर्व अधिक येत होती. वालीव, सातिवली, गोखिवरे येथील गाळ्यांमध्ये पॉवर प्रेसवर पत्रा कापणारे, वाकविणारे हजारो हात आहेत. कोणी कोकणातून आलेला, कोणी झारखंडातून, कोणी केरळातून. त्यांतील काही रविवारी मिस्साला येतात. कम्युनियन देताना माझ्यापुढे तळहात येतो आणि त्याला कधी चार बोटे असतात, कधी साडेतीन. "प्रेसवर गेलं, फादर," एवढेच ते सांगतात आणि पुन्हा सोमवारी त्याच प्रेसवर उभे राहतात. ख्रिस्ताचे शरीर त्या अपुऱ्या तळव्यावर ठेवताना, या मूक हातांचा आवाज कोणी काढला असता तर तो कसा निघाला असता, असे माझ्या मनात येते. तो गोड निघाला नसता. टोनी आयोमीच्या गिटारचा जड, धातूवर धातू आदळल्यासारखा आवाज मला त्यामुळे सैतानी वाटत नाही. तो ओळखीचा वाटतो.

आता "सैतानाचा सूर" या प्रसिद्ध आरोपाकडे वळू. ब्लॅक सॅबथच्या त्या पहिल्या गाण्यात जे स्वरांतर पुन्हापुन्हा येते, त्याला जुन्या लॅटिन संगीतग्रंथांत "संगीतातील सैतान" असे नाव होते. मध्ययुगीन ख्रिस्तसभेने या स्वरांतरावर बंदी घातली होती अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. मात्र अशा बंदीचा पुरावा इतिहासात नाही. ते नावच मुळी अठराव्या शतकातील ग्रंथांतून आढळते, आणि त्याचा मुद्दा एवढाच की हे अंतर गळ्याला अवघड व कानाला अस्वस्थ करणारे आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर षड्ज आणि तीव्र मध्यम यांमधले हे अंतर. सायंकाळी यमन आळविणारा गवई तोच तीव्र मध्यम लावतो आणि आपले मन प्रसन्न होते. सूर तोच, पण त्याला सोबत कोणाची आणि तो कोठे नेऊन सोडला जातो, यावर सारे अवलंबून आहे.

याहून नवल वाटले ते आणखी एका गोष्टीचे. या संगीतातील गिटारवादक बहुतेक वेळ ज्या दोन स्वरांची जोडी वाजवितो, ती असते षड्ज आणि पंचम. गिटारचा आवाज मुद्दाम खरखरीत केल्यावर तिसरा स्वर मिसळला तर सारे गढूळ होते, म्हणून तो गाळला जातो आणि उरतात सा आणि प. तंबोऱ्यावर घुमतात तेही बहुधा सा आणि प. सेमिनरीत आम्हाला ग्रेगोरियन गायन शिकविले गेले. त्या एकसुरी गायनाला नवव्या-दहाव्या शतकात जेव्हा दुसऱ्या गळ्याची जोड मिळू लागली, तेव्हा तो दुसरा गळा पुष्कळदा पंचमाच्या अंतरावरच चालत असे. मठातील संन्यासी, तंबोरा जुळविणारा गवई आणि काळा शर्ट घातलेला पोरगा, तिघेही एकाच पायावर उभे आहेत. पायावर इमारत कोणती चढवायची, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

तिसरे घराणे पंक. १९७० नंतर हार्ड रॉकचे वादक श्रीमंत झाले, गाणी लांबली, वाद्ये महागली आणि गरीब पोराला वाटू लागले की हे आता आपले राहिले नाही. १९७४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये रामोन्स या बँडने दोन-दोन मिनिटांची, तीन-चार कॉर्डची धावती गाणी सुरू केली. १९७६ साली लंडनमध्ये सेक्स पिस्टल्स आणि क्लॅश हे बँड पुढे आले. ब्रिटनमध्ये तेव्हा बेकारी वाढत होती आणि सरकार आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढे कर्जासाठी हात पसरत होते. शाळा सोडलेल्या तरुणांना पुढे काही दिसत नव्हते. फाटका शर्ट सेफ्टी पिनने जोडून तो अंगात घालणे ही त्यांची फॅशन होती आणि फिर्यादही. सेक्स पिस्टल्सचा गायक जॉन लायडन हा लंडनमध्ये पोटासाठी आलेल्या आयरिश कॅथलिक आईबापांचा मुलगा. या लोकांची भाषा ओंगळ होती, वागणे उद्धट होते, हे नाकारण्याचे कारण नाही. पण कोणाच्या परवानगीची वाट न पाहता, आहे त्या वाद्यावर, येतील त्या तीन कॉर्डमध्ये आपले म्हणणे मांडावे, हा धडा त्यांनी जगभरच्या तरुणांना दिला. न्यूयॉर्कची पॅटी स्मिथ ही पंकची एक आद्य गायिका. तिने २०१३ मध्ये संत पेत्राच्या चौकात पोप फ्रान्सिस यांची भेट घेतली आणि २०१४ मध्ये व्हॅटिकनच्या नाताळ-मैफलीत ती गायली. दारे आपण लावून घेतली नाहीत, तर माणसे आत येतात.

ही सारी दूरदेशीची कथा झाली असे कोणी म्हणेल. पण आपल्या महाराष्ट्राचा तिच्याशी जुना संबंध आहे. झांझिबारमध्ये जन्मलेला फारुख बलसारा हा पारशी मुलगा १९५५ मध्ये पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकायला आला. तेथेच तो पियानो शिकला आणि तेथेच मित्रांबरोबर त्याने हेक्टिक्स नावाचा पहिला बँड काढला. पुढे जगाने त्याला क्वीन या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखले. १९७२ मध्ये लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले आणि त्यांनी आपली दोन गाणी येथील वादकांबरोबर ध्वनिमुद्रित करून पाहिली. १९८४ मध्ये मुंबईत रॉक मशीन हा बँड उभा राहिला. महेश तिनईकर, उदय बेनेगल यांच्यासारख्या तरुणांनी दुसऱ्यांची गाणी वाजविण्याऐवजी स्वतःची गाणी रचली आणि १९८८ मध्ये त्यांचा अल्बम निघाला. १९९३ साली त्यांनी आपल्या बँडचे नाव इंडस क्रीड असे ठेवले.

१९८६ मध्ये फरहाद वाडिया यांनी इंडिपेंडन्स रॉक हा उत्सव सुरू केला. धोबीतलावला, सेंट झेवियर्स कॉलेजच्या शेजारी असलेले रंगभवन हे उघडे नाट्यगृह त्याचे घर बनले. १९९० च्या दशकात मी गोरेगावच्या सेमिनरीत शिकत असताना वांद्र्याकडचे काही सहाध्यायी सुट्टीवरून परत आले, की जेवणघरात रंगभवनच्या हकिकती सांगत. घामाघूम गर्दी, पावसात भिजणारी वाद्ये, अनोळखी माणसाच्या खांद्यावर हात टाकून गाणारी पोरे यांच्या त्या हकिकती असत. पुढे २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालये, शाळा-कॉलेजे आणि न्यायालये यांच्या भोवतालचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरला आणि रंगभवनातील अशा मैफली थांबल्या. रुग्णाच्या झोपेचा हक्क मोठा आहे, तेव्हा नियमाविषयी तक्रार नाही. फक्त तो आपल्या फेस्ताच्या लाउडस्पीकरलाही लागू आहे, एवढे आपण ध्यानात ठेवावे.

बँड मात्र थांबले नाहीत. मुंबईत २००० मध्ये डेमॉनिक रिझरेक्शन आणि २००३ मध्ये भयानक मौत असे बँड निघाले. नावे ऐकून आपल्या आजीबाई क्रूसाची खूण करतील. १ फेब्रुवारी २००८ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलात इंग्लंडच्या आयर्न मेडनची मैफल झाली. त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन हा वैमानिकही आहे आणि बँडचे विमान तोच चालवीत होता. आता दिल्लीचा ब्लडीवूड हा बँड ढोल वाजवीत, हिंदी-पंजाबीत गात युरोप-अमेरिकेतील उत्सवांत पोहोचला आहे. आणि आपल्याकडची पोरे? गिटारची काळी पिशवी पाठीला लावून विरार लोकलच्या दारात अंग चोरून उभी असलेली दोन-चार पोरे कोणत्याही रविवारी पाहून घ्यावीत. त्यांतील एखादा आपल्याच गायकवृंदातला असतो.

येथवर वाचून, फादरांना सारेच गोड वाटू लागले काय, असे कोणी म्हणेल. तसे नाही. या इतिहासाला खरी काळी बाजू आहे. नॉर्वेत ब्लॅक मेटल नावाचा एक पंथ निघाला आणि त्यातील काहींनी ख्रिस्तद्वेष हीच आपली ओळख केली. ६ जून १९९२ रोजी बर्गनजवळचे फँटॉफ्टचे लाकडी देऊळ जळून राख झाले. बाराव्या शतकातील ते देऊळ होते. पुढे आणखी देवळांना आगी लागल्या. १९९४ मध्ये या पंथातील एका तरुणाला आपल्याच सहकारी वादकाच्या खुनाबद्दल आणि काही देवळे जाळल्याबद्दल एकवीस वर्षांची शिक्षा झाली. असे संगीत निव्वळ आवाज म्हणून ऐकता येत नाही. माणसाचा, स्त्रीचा, कोणत्याही धर्माचा द्वेष जे गीत शिकविते, ते कितीही मंजुळ असले तरी वर्ज्यच म्हटले पाहिजे. उलट, आरोप करताना पुरावाही लागतो. अमेरिकेत दोन तरुणांनी जीव देण्याचा प्रयत्न केल्यानंतर त्यांच्या शोकाकुल कुटुंबांनी ज्यूडास प्रीस्ट या बँडवर, गाण्यात छुपा संदेश असल्याचा दावा लावला होता. १९९० मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. त्या कुटुंबांचे दुःख खरे होते, पण दुःखाचे मूळ रेकॉर्डमध्ये सापडले नाही.

मग पारख कशी करावी? ती मला एका घरातून शिकायला मिळाली. आमच्या धर्मग्रामातील एक विधवा माता एके दिवशी कापडी पिशवी घेऊन आली. पिशवीत मुलाचे काळे शर्ट होते. २०२१ मध्ये महामारीत बाप गेला. अंत्यविधीला चार माणसेही धड उभी राहू शकली नव्हती. त्यानंतर मुलाने मिस्साला येणे सोडले, बोलणे सोडले आणि रात्रभर हे संगीत ऐकणे सुरू केले. "फादर, ह्या शर्टांचं काय करू? जाळून टाकू का?" तिने विचारले. शर्ट पुन्हा कपाटात ठेवा आणि मुलाला, तुझे सर्वांत आवडते एक गाणे मला ऐकव म्हणून निरोप द्या, असे मी तिला सांगितले.

तो तीन आठवड्यांनी आला. त्याने मला आपले कानयंत्र दिले. शब्द मला एकही कळला नाही, तेव्हा त्याने मोबाईलवर शब्द दाखविले. बापाला निरोप न देता आलेल्या मुलाचे ते गाणे होते. आरंभापासून अखेरपर्यंत त्यात एकही आशेची ओळ नव्हती. गाणे संपल्यावर तो म्हणाला, "फादर, दफनाच्या वेळी मला असंच ओरडायचं होतं. पण सगळे म्हणाले, धीर धर, देवाची इच्छा." त्यावर मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते असेही नाही. पण त्या क्षणी ऐकणे हेच काम होते.

दर शुक्रवारी रात्री झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेत आम्हा धर्मगुरूंच्या वाट्याला ८८ वे स्तोत्र येते. स्तोत्रसंहितेतील बहुतेक विलापगीते शेवटी आशेकडे वळतात, पण हे स्तोत्र वळत नाही. मृत्यू, खड्डा, दुरावलेले मित्र यांविषयी बोलत ते अंधारातच संपते. ख्रिस्तसभेने ते गाळले नाही, त्याची धार बोथट केली नाही, उलट प्रभूच्या मरणाच्या वारी ते आमच्या ओठांवर ठेवले. पुढल्या भेटीत मी त्या मुलापुढे ते स्तोत्र ठेवले. त्याने दोनदा वाचले आणि विचारले, "हे खरंच पवित्र शास्त्रात आहे?" मी म्हटले, आहे, आणि ते ज्याने लिहिले त्यालाही कोणी धीर धर म्हणून सांगितले असेल.

त्या दिवसापासून माझी पारख सोपी झाली. त्या मुलाचे गाणे आणि ते स्तोत्र यांत दुःख सारखे आहे, अंधारही सारखा आहे. फरक एवढाच की स्तोत्रकर्ता अंधारात ज्याच्याशी भांडतो, तो ऐकत आहे असे तो धरून चालतो. या संगीतातील पुष्कळ गाणी म्हणजे ज्यावर पत्ताच घातला नाही अशी पत्रे आहेत. ती जाळून टाकणे हे आपले काम नव्हे. त्यांवर पत्ता घालायला मुलांना मदत करणे, हे आपले काम. गाणे द्वेषाचे असेल तर स्पष्ट शब्दांत ते सांगावे. गाणे आक्रोशाचे असेल तर शेजारी बसावे. इटलीत चेझारे बोनिझी नावाचे एक कॅपुचिन बंधू होते. पांढऱ्या दाढीचे हे संन्यासी आपल्या झग्यातच हेवी मेटल गात आणि २००८ मध्ये तेथील मोठ्या मेटल उत्सवात ते रंगमंचावर उभे राहिले. पुढच्याच वर्षी, कीर्तीमुळे आपण आपल्या बंधूंपासून दुरावत आहोत असे वाटून त्यांनी ते सोडले. ते गायले तेही आणि थांबले तेही, मला सारखेच आदरणीय वाटते.

आमच्या धर्मग्रामात चार पोरांनी बँड काढला आहे. सरावासाठी सभागृह द्यावे की नाही यावर पाळकीय मंडळाच्या बैठकीत बरीच चर्चा झाली. एका ज्येष्ठांनी आठवण करून दिली की मराठी उपासनेबरोबर तबला देवळात आला तेव्हाही काहींनी नाके मुरडली होती. शेवटी शनिवारी दुपारी चार ते सहा अशी वेळ ठरली. खिडक्या बंद ठेवायच्या, शेजारच्या आजाऱ्यांना विचारायचे आणि गीताचे शब्द आधी मोठ्याने वाचून दाखवायचे, या अटी. आणखी एक अट मी घातली, ती कानांची. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाकाठी आठ तासांपर्यंत चालतो. दर तीन डेसिबल वाढले की ही मुदत निम्मी होते आणि १०० डेसिबलवर ती पंधरा मिनिटांवर येते. गेलेले कान परत येत नाहीत. म्हणून सरावाला कानांत बोळे घालायचेच. हाच हिशेब मी प्रेसवर काम करणाऱ्यांनाही सांगतो. त्यांना मात्र पंधरा मिनिटांनी थांबता येत नाही.

ज्या मुलाविषयी लिहिले, तो त्या चौघांत ड्रम वाजवितो. रविवारी मिस्साला तो अजून नियमित येत नाही. कधी येतो, मागच्या खांबापाशी उभा राहतो आणि शेवटच्या गीताआधी निघून जातो. त्याच्या आईला ते पुरेसे वाटत नाही आणि तिचे म्हणणे योग्य आहे. परंतु शनिवारी सहा वाजता सभागृहाची किल्ली द्यायला तो स्वतः येतो, थोडा वेळ बसतो आणि बापाविषयी बोलतो.

वाचकहो, आपल्या घरी असा आवाज येत असेल तर दारावर धक्के मारण्याआधी एकदा आत जाऊन बसा आणि एक गाणे मागा. कर्कश वाटले तरी शेवटपर्यंत ऐका. मग विचारा, हे तू कोणाला सांगतो आहेस? उत्तर लगेच मिळणार नाही. पण आपण ते विचारले, हे त्याच्या ध्यानात राहील.